खड्डासुद्धा पुरावा असतो: गुन्ह्याचा तपास आणि पुरातत्त्व

पांढरीवरची

बरेच दिवस यावर लिहायचं लिहायचं म्हणून राहून जात होतं. परवा बातम्यांत एका शेतात पुरलेला मृतदेह बाहेर काढतानाचा व्हिडिओ दाखवत होते, जेसीबी लावलेला, काठावर दहा-बारा माणसं उभी, एक जण तर खड्ड्यात उतरून बुटाने माती बाजूला करतोय. त्या खड्ड्याचे हाल मला बघवेनात.

मी पुरातत्त्वात एमए केलंय, चार सीझन उत्खननावर काढलेत, आता शाळेत शिकवते. त्यामुळे पोलिसी कामाबद्दल मोठ्या अधिकाराने बोलायचा माझा हक्क नाही, पण मातीबद्दल बोलू शकते.

जमीन थराथरांची असते हे आपल्याला माहीत असतं. वर काळी, मग जरा पिवळसर, मग मुरूम. कोणी खड्डा खणला की हे सगळं बाहेर येऊन एका ढिगात पडतं आणि परत लोटताना उलटसुलट मिसळून आत जातं. वरून कितीही तुडवा, ती माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. पाणी जास्त धरते, दोन पावसाळे गेले की खचते, वर गवत वेगळं येतं. माणूस पुरणारा सगळं लपवू शकतो पण खड्ड्याची कड त्याला लपवता येत नाही, ती शेकडो वर्षं तशीच राहते. आम्ही तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे खड्डे याच कडेवरून ओळखतो.

पहिल्या सीझनची गोष्ट सांगते. नदीकाठची पांढर होती (पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, गावाकडच्यांना सांगायला नकोच). माझ्या ट्रेंचमध्ये (खणायला आखून दिलेल्या चौकोनात) दुपारभर मला काही दिसेना, सगळी एकसारखी करडी माती. दुसऱ्या दिवशी सर पहाटेच घेऊन गेले, फवारणीच्या हातपंपाने जमिनीवर हलकं पाणी मारलं आणि म्हणाले थांब जरा. साडेसहा-पावणेसातचं तिरपं ऊन आलं आणि माझ्या पायापाशी हात-दीड हात रुंदीचा गोल हळूहळू वर आला, आतली माती ठिपक्याठिपक्यांची, बाहेरची एकरंगी. मग थापी हातात दिली, गवंड्याची असते तसलीच पण लहान. बाहेरच्या तुडवलेल्या जमिनीवर ओढली की खर्र आवाज येतो आणि कड ओलांडली की एकदम बद्द. डोळे मिटूनसुद्धा कळतं. ते धान्याचं पेव निघालं. पण मृतदेह पुरलेला खड्डासुद्धा असाच, याच हाताने सापडतो.

इनामगाव आठवत असेल, शिरूर तालुक्यातलं, तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचं. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं मिळाली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि आत ते मूल. मोठ्या माणसांची पावलं तोडलेली. आता हे दफन घर बांधायच्या आधीचं की घर नांदतं असतानाचं, हे कशावरून ठरतं? खड्ड्याने कुठली जमीन कापली आणि कुठली जमीन त्याच्यावरून सलग गेलीय त्यावरून. हाच प्रश्न जसाच्या तसा खुनाच्या खटल्यात येतो की हो, फरशी आधीची की खड्डा आधीचा? भाडेकरूच्या काळात पुरलं की मालकाच्या?

याला फोरेन्सिक आर्किऑलॉजी म्हणतात, आपण न्यायसहायक पुरातत्त्व म्हणूया. बाहेरच्या काही देशांत आता हे नेहमीचं काम आहे. आपल्याकडे याची चर्चा व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून धागा. अर्जेंटिनाबद्दल सविस्तर लिहायचंय, ते रात्री लिहिते.

मोगरा_८२

वाचतेय ताई. पेवाचा आवाज ऐकू आला अगदी. लवकर लिहा.

हवालदाराची_लेक

धागा वाचून अंगावर काटा आला कारण असाच एक प्रसंग घरात लहानपणापासून ऐकलाय. बाबा पोलिसात होते, आता रिटायर्ड आहेत. नव्वदच्या दशकातली केस, तालुका सांगत नाही. एक बाई बेपत्ता होती, आठ महिन्यांनी एकाने कबुली दिली आणि बांधाजवळची जागा दाखवली. तहसीलदार आले, दोन पंच, सरकारी डॉक्टर, आणि गावातून बोलावलेले दोन मजूर. मे महिना, दुपारचे बारा. बाबा सांगतात की सगळ्यांना एकच घाई, वास यायच्या आत उरकून टाका. मजुरांनी टिकाव-फावड्यानेच काढलं, हाडं, साडीचे तुकडे, बांगड्या सगळं एका गाठोड्यात. पंचनाम्यात लिहिलं खड्डा अंदाजे तीन फूट खोल. झालं.

कोर्टात बचावाच्या वकिलाने विचारलं की गळ्याभोवती दोरी होती म्हणता, ती गळ्याभोवतीच होती की खड्ड्यातच वर-खाली कुठेतरी पडलेली? कुणाला सांगता येईना. पंच म्हणाला गाठोड्यात होती. बाबा म्हणतात ती दोरी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती पण कुठे होती हे शपथेवर सांगायची वेळ आली तेव्हा जीभ रेटेना. आरोपी सुटला. त्या बाईचा भाऊ पुढे बरीच वर्षं बाबांना रस्त्यात दिसला की नमस्कार करायचा आणि बाबा मान खाली घालायचे. आईने सांगितलेलं आहे हे, बाबा स्वतः बोलत नाहीत.

न्यायवैद्य

@हवालदाराची_लेक, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मजुरांची यात चूक नाही, त्यांना कुणी कधी शिकवलेलंच नाही.

मी न्यायवैद्यकात आहे, माझ्या बाजूने भर घालतो. आमच्याकडे हाडं पिशवीतून येतात. पिशवी उघडली की पहिलं शोधतो ते हायॉइड, गळ्यातलं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं बारकं हाड. गळा दाबलेल्या केसमध्ये ते मोडलेलं असण्याची शक्यता असते, त्यामुळे फार मोलाचं. आणि नेमकं तेच नसतं, कारण फावड्याच्या मातीबरोबर ढिगात जातं. सापडलं आणि मोडलेलं असलं तरी प्रश्न उरतो की मारताना मोडलं की काढताना फावड्याने? ताजा तुटलेला भाग रंगाने फिका दिसतो म्हणून बऱ्याचदा फरक करता येतो, पण बऱ्याचदा म्हणजे नेहमी नव्हे, आणि संशयाचा फायदा आरोपीला.

लहान मुलांच्या बाबतीत तर फारच वाईट अवस्था होते. मोठ्या माणसाची हाडं २०६, पण लहान मुलाची टोकं अजून जोडली गेलेली नसतात त्यामुळे तुकड्यांची संख्या कितीतरी जास्त, काही तर ज्वारीच्या दाण्याएवढे. खडा समजून फेकले जातात. वय ठरवायला नेमके तेच लागतात, आणि हिरडीच्या आत तयार होत असलेले दात. सगळी माती बारीक चाळणीतून काढली पाहिजे, सगळी म्हणजे सगळी. चाळणी काही महागडी वस्तू नाही हो!

सह्यकडा

मुद्दे पटतात पण व्यवहाराचं काय? पोलीस ठाण्यात माणसं कमी, बंदोबस्त, वरून दबाव, मीडिया काठावर कॅमेरे घेऊन उभा. चार दिवस थापीने खरवडत कोण बसणार? आणि पुरातत्त्ववाले तरी किती आहेत आपल्याकडे?

पांढरीवरची

@सह्यकडा, प्रश्न अगदी रास्त. एका माणसाच्या खड्ड्याला चार दिवस लागत नाहीत, माहीतगार तीन-चार जण असले तर एक-दीड दिवसात नीट होतं. आणि तज्ज्ञ मिळाला नाही तरी काही गोष्टी कुणालाही करता येतात. जेसीबी लांब ठेवायचा. आधी वरची इंच-दोन इंच माती हलकेच तासून खड्ड्याची कड शोधायची, फूटपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून फोटो. मग अर्धाच भाग आधी उपसायचा म्हणजे मधोमध उभी भिंत राहते आणि त्या छेदात माती कशी कशी भरली ते दिसतं, एका दमात बुजवलं की अर्धवट ठेवून नंतर येऊन बुजवलं. खड्ड्याच्या बाजू सांभाळायच्या, कारण ओलसर चिकट मातीत कुदळीच्या पात्याची रुंदीसुद्धा उमटून राहते आणि घरात सापडलेली कुदळ तिथे लावून बघता येते. आणि प्रत्येक वस्तू उचलायच्या आधी तिची जागा तीन मापांत, दोन आडवी आणि एक खोली. हवालदारकाकांच्या केसमध्ये ती दोरी उचलायच्या आधी फक्त एवढं झालं असतं तर कोर्टात त्यांना गप्प बसावं लागलं नसतं.

कायद्याचं_बोला

भर. पुरलेला मृतदेह बाहेर काढायचा आदेश मॅजिस्ट्रेट देतो हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतं, नव्या कायद्यातही आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फोरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं असं आलंय. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं तयार करायची संधी आत्ताच आहे. पुरलेल्या मृतदेहाच्या केसमध्ये जाणारा तज्ज्ञ माती वाचणारा असावा एवढीच मागणी लावून धरली तरी पुष्कळ.

पांढरीवरची

आता अर्जेंटिना. मोठं आहे, सांभाळून घ्या.

१९७६ ते १९८३ तिथे लष्करी हुकूमशाही. हजारो माणसं घरातून, रस्त्यातून उचलली, छळली, मारली आणि कित्येकांना सार्वजनिक कबरस्तानात ‘एनएन’ म्हणजे बेनाम म्हणून पुरलं. राजवट गेल्यावर न्यायाधीशांनी कबरी उघडायचे आदेश दिले आणि मग झालं तेच जे आपण बातम्यांत बघतो. यंत्रं लावून उपसलं, कवट्या फुटल्या, एकाची हाडं दुसऱ्यात गेली, आणि काठावर आया उभ्या. विचार करा, आठ वर्षं मुलाची वाट बघितलेली बाई काठावर उभी आहे आणि समोर हे.

तेव्हा प्लाझा दे मायोच्या आज्यांच्या (राजधानीतल्या त्या चौकात जमून बेपत्ता नातवंडांचा शोध घेणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या) आणि बेपत्तांच्या चौकशी आयोगाच्या विनंतीवरून १९८४ मध्ये अमेरिकेहून शास्त्रज्ञांचं पथक आलं, त्यात क्लाइड स्नो नावाचे हाडांचे तज्ज्ञ होते. त्यांनी आधी सांगितलं की हे थांबवा. मग मदतीला कोण, तर विद्यार्थी. मानववंशशास्त्र, पुरातत्त्व, वैद्यक शिकणारी विशी-पंचविशीतली पोरंपोरी. भीती किती असेल, लष्कर सत्तेवरून जाऊन वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. पण ती पोरं उतरली खड्ड्यात, थापी आणि ब्रश घेऊन, चौकोन आखून, चाळण्या लावून. त्यातूनच अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथक उभं राहिलं, आजही काम करतंय.

१९८५ मध्ये लष्करशहांवर खटला चालला त्यात स्नो यांनी लिलियाना पेरेयरा या तरुणीच्या सांगाड्याच्या स्लाइड्स कोर्टाला दाखवल्या. तिला उचललं तेव्हा ती गरोदर होती. चकमकीत मेली असं सांगितलेलं, पण कवटी सांगत होती की जवळून गोळी घातली. ओटीपोटाच्या हाडांवरून ती मरायच्या आधी बाळंत झाली होती असं स्नो यांचं मत पडलं. म्हणजे कुठेतरी एक मूल होतं. आजीने शोध सोडला नाही आणि २००८ मध्ये तो नातू सापडला. तीस वर्षांचा झालेला.

पुढे राजधानीलगतच्या आवेयानेदा शहराच्या कबरस्तानात, तिथल्या १३४ नंबरच्या भागात, १९८८ ते १९९२ याच पथकाने तीनशेच्या वर सांगाडे काढले आणि जवळजवळ तेवढ्याच गोळ्या. गोळी सांगाड्याच्या आत कुठे होती, बरगडीत की डोक्याखालच्या मातीत, हे प्रत्येक वेळी नोंदलेलं. फावड्याने काढलं असतं तर एक पोतं हाडं आणि एक डबा गोळ्या, बस.

आणि प्लाझा दे मायोच्या आया, बेपत्ता मुलांचा जाब त्याच चौकात मागणाऱ्या. त्या चळवळीतल्या पहिल्या बायकांपैकी आसुसेना विलाफ्लोर आणि दोन जणी, आणि एक फ्रेंच नन, यांना डिसेंबर १९७७ मध्ये पळवलं. काही दिवसांनी समुद्राने मृतदेह किनाऱ्यावर आणून टाकले, गावच्या कबरस्तानात बेनाम म्हणून पुरले गेले. २००५ मध्ये पथकाने त्यांची ओळख पटवली. हाडं उंचावरून पडल्यावर मोडतात तशी मोडलेली होती, विमानातून समुद्रात फेकत होते त्याचा तो पुरावा. विलाफ्लोरची राख त्याच चौकात पुरली जिथे ती दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधून फेऱ्या मारायची.

न्यायवैद्य

फार चांगलं लिहिलंत. एक नोंद करतो, ओटीपोटाच्या हाडांवरच्या खुणांवरून बाळंतपण झालं होतं असं नक्की सांगणं आजचे तज्ज्ञ टाळतात, त्या खुणा इतर कारणांनीही येतात. पेरेयराच्या बाबतीत कैदेतून सुटलेल्यांच्या साक्षी जोडीला होत्या. आणि माझ्या मते हेच बरोबर आहे, हाडं, माती आणि माणसं तिघांची साक्ष जुळली पाहिजे.

मोगरा_८२

रडवलंत ताई. तीस वर्षांनी नातू.

ट्यूलिपच्या_देशी

मी द हेगजवळ राहते. युगोस्लाव्हियाच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाच्या साक्षी सगळ्यांना वाचायला खुल्या आहेत, मी गेल्या हिवाळ्यात बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साच्या वाचत होते. जुलै १९९५, आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले. आधी मोठ्या खड्ड्यांत पुरले आणि मग बोभाटा होईल म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यंत्रांनी उपसून लांब लांब दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं तीन-तीन, चार-चार ठिकाणी. आईला मुलाचा हात एका वर्षी मिळतो आणि पाय चार वर्षांनी.

तिथलं बरंचसं उत्खनन रिचर्ड राइट नावाच्या ऑस्ट्रेलियन पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली झालं. दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. कोझलुक नावाच्या ठिकाणी ज्या जागेवर गोळ्या घातल्या ती बाटल्यांच्या कारखान्याची कचरा टाकायची जागा होती, हिरव्या काचेचे तुकडे आणि लेबलं पसरलेली. आणि लांबच्या चान्चारी रस्त्यालगतचा एक खड्डा उघडला तर मृतदेहांबरोबर तीच हिरवी काच, तीच लेबलं. मृतदेह कुठून उचलून आणले ते काचेने सांगितलं.

दुसरं म्हणजे घड्याळं. हात हलला की चावी भरते तशी ऑटोमॅटिक, वार आणि तारीख दाखवणारी. हात थांबला की एक-दोन दिवस चालतात आणि बंद पडतात. मृतदेहांच्या मनगटांवरची घड्याळं जुलैच्या मध्यावरच्या तारखांवर थांबलेली होती. आधीच्या लढायांत मेले म्हणणाऱ्यांना त्या मनगटांनी उत्तर दिलं. आमच्या आजोबांचं तसंच घड्याळ माझ्याकडे आहे, ते वाचल्यापासून हातात घालवत नाही.

चंडीगडकर_जोशी

आपल्या देशातलं उदाहरण द्यायला हवं. अजनाला, अमृतसर जिल्हा. १८५७ मध्ये लाहोरजवळच्या मियां मीर छावणीतून २६ वी नेटिव्ह इन्फंट्री (कंपनी सरकारच्या फौजेतली हिंदी शिपायांची पलटण) बंड करून निघाली, शिपाई पकडले गेले, अधिकारी फ्रेडरिक कूपरने स्वतः लिहून ठेवलंय की २३७ जणांना गोळ्या घातल्या आणि ४५ कोंडून ठेवल्या जागी गुदमरून मेले. एकूण २८२, सगळे एका कोरड्या विहिरीत. लोक तिला कालियांवाला खूह म्हणायचे.

२०१४ मध्ये गावकऱ्यांनी आणि हौशी इतिहासप्रेमींनी स्वतःच ती विहीर उपसली. भावना खरी होती, दीडशे वर्षांनी आपल्या माणसांना बाहेर काढायचं होतं, त्याबद्दल आदरच आहे. पण थरांची नोंद नाही, कुठला सांगाडा कुणावर पडलेला त्याचा नकाशा नाही, हाडं भरपूर मोडली. मग हे १८५७ चे की १९४७ च्या फाळणीतले असा वादही निघाला. पंजाब विद्यापीठाचे जे. एस. सेहरावत आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसकट इतर शास्त्रज्ञांनी दातांच्या ५० नमुन्यांचा डीएनए आणि ८५ नमुन्यांचे आयसोटोप (माणूस कुठल्या भागात वाढला ते सुचवणारी मूलद्रव्यांची रूपं) तपासले, २०२२ मध्ये निष्कर्ष आला की ही माणसं गंगेच्या खोऱ्यातली, म्हणजे पलटणीच्या लिखित नोंदीशी जुळणारी. दातांनी लाज राखली. पण थर नीट नोंदले असते तर गोळ्या घातलेल्यांना आधी टाकलं की गुदमरलेल्यांना, हे कळलं असतं. ते आता कधीच कळणार नाही.

सह्यकडा

अजनाल्याचं माहीत नव्हतं, धन्यवाद. माझा आधीचा आक्षेप मागे घेतो असं नाही, पण चाळणी आणि फूटपट्टी तर प्रत्येक ठाण्यात ठेवता येईल हे कबूल. एक प्रश्न, खड्डा किती जुना हे कसं सांगता?

पांढरीवरची

आतल्या वस्तूंवरून आणि मुळांवरून. खड्ड्यात सगळ्यात अलीकडची वस्तू कुठली ते बघायचं, दोन हजाराची नोट मिळाली तर खड्डा नोव्हेंबर २०१६ नंतरच बुजवलेला, आधी अशक्य. ही झाली एक हद्द. दुसरी हद्द झाडं देतात. सांगाड्यातून किंवा कपड्यातून आरपार गेलेलं मूळ असेल तर ते कापून त्याची वर्षाची वलयं मोजतात, पाच वलयं म्हणजे निदान पाच वर्षं. आपल्या हवेत सगळ्याच झाडांना स्वच्छ वलयं येत नाहीत, सागाला चांगली येतात. म्हणून मुळं उपटून फेकू नका हो, खड्ड्यातलं मूळसुद्धा पाकिटात घालून नंबर टाकून ठेवायचं.

हवालदाराची_लेक

काल हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही आता. अर्जेंटिनाच्या आज्यांपाशी थांब म्हणाले, चहा घेतला, मग परत वाच म्हणाले.

नंतर कागद-पेन मागितलं आणि तो खड्डा काढला, तीस वर्षांपूर्वीचा. म्हणतात बांधाकडची बाजू सरळ उभी होती आणि शेताकडची उतरती, आणि त्या उतरत्या बाजूवर माती चकाकत होती, घासल्यासारखी. तेव्हा वाटलं पावसाने झालं असेल. मला विचारतात, त्या बाजूने ओढत आणली असेल का गं तिला?

काय सांगू त्यांना?

पांढरीवरची

काकांना सांगा की त्यांनी जे पाहिलं ते अगदी महत्त्वाचं होतं. एक बाजू उतरती असली की उतरणीवरून आत सरकवलं असण्याची शक्यता असतेच, आणि ओल्या चिकट मातीत घासल्याची चकाकी टिकते. नुसत्या आठवणीवरून नक्की काही म्हणता येणार नाही, पण तो कागद जपून ठेवा, तारीख घाला, उत्तर दिशा कुठे ते विचारून बाण काढा. बांध पूर्वेला होता का ते विचाराल?

हवालदाराची_लेक

विचारलं. पश्चिमेला. आणि बांधावर बोरीचं झाड होतं म्हणतात, तेही काढलंय त्यांनी.